एबो अमिसा यांची शोकवही

एबो अमिसा यांनी एकोणीस वर्षं एका विमा कंपनीत लोकांना नाही म्हणायचं काम केलं, आणि ते इतकं मन लावून केलं की शेवटी कंपनीने त्यांनाही नाही म्हटलं.

दावे विभागाचे ते प्रमुख. कुणाचं दुकान जळलं, कुणाची लॉरी कुमासीच्या रस्त्यावर कलंडली, कुणाचा बाप गेला, की कागद त्यांच्या टेबलावर यायचे. अमिसा आधी चष्मा पुसायचे, मग कागद खालीवर करायचे आणि चौदाव्या कलमातलं काहीतरी उकरून ते आल्या वाटेने परत पाठवायचे. संचालकाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा ती आपल्याच नावाची आहे असं धरून त्यांनी नवा कोट शिवायला टाकला. खुर्ची मिळाली लंडनहून परतलेल्या एका तिशीतल्या गृहस्थाला. कोट तयार होऊन आला त्याच दिवशी अमिसांनी राजीनामा दिला. निरोपाला केक होता, भिंतीवर लावायचं एक घड्याळ होतं आणि व्यवस्थापकीय संचालक ॲशिटे साहेबांचं चार मिनिटांचं भाषण होतं. त्यातली दोन मिनिटं साहेब फोनवर बोलत होते.

आमच्या अक्रा शहरात नोकरी सुटलेला माणूस बेकार होत नाही, सल्लागार होतो. अमिसाही झाले. सोनेरी अक्षरांची कार्डं छापून आली: एबेनेझर एबो अमिसा, प्रमुख सल्लागार, जोखीम व दावे. प्रमुख कुणाचे, हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण कार्यालयात दुसरं कुणीच नव्हतं, आणि कार्यालय म्हणजे जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू. एकोणीस वर्षांची ओळख आहे, फोन उचलायला फुरसत मिळणार नाही, असं ते बायकोला सांगत होते. पहिल्या महिन्यात फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा पलीकडे सासूबाई होत्या.

बायको, अराबा, दान्सोमानच्या शाळेत गणित शिकवते.  रोज संध्याकाळी जेवणाआधी ती टेबलावरची कार्डं उचलून फ्रीजवर ठेवायची आणि सकाळी अमिसा ती पुन्हा टेबलावर मांडायचे.

मग अमिसांनी इंटरनेटवर एका गुरूचा वर्ग लावला. गुरूचं म्हणणं एवढंच होतं की जो दिसत नाही तो नसतोच; म्हणून दिसा, रोज दिसा, सगळीकडे दिसा. हे अमिसांच्या मनात इतकं खोल रुतलं की ते पहाटे पाचला उठून लिंक्डइनवर बोधपर मजकूर लिहू लागले. ‘आज ट्रोट्रोने प्रवास करताना कंडक्टरकडून मी नेतृत्वाचे तीन धडे शिकलो.’ माणूस पंचवीस वर्षांत ट्रोट्रोच्या खचाखच भरलेल्या व्हॅनमध्ये चढलेला नाही. दारात स्वतःची गाडी. धडे आवडल्याची खूण तिघे जण करायचे: इटलीतला चुलतभाऊ, तेमामधला पाण्याच्या टाक्या विकणारा एक भला माणूस, ज्याला जगातलं सगळंच आवडायचं, आणि तिसरे स्वतः अमिसा. ते हॉटेलांतल्या न्याहारीच्या बैठकांना जाऊन आले. तिथे चाळीस सल्लागार एकमेकांना कार्डं देत होते आणि एकालाही सल्ला नको होता. एकदा पहाटेच्या रेडिओ कार्यक्रमात त्यांनी फोन लावला. त्यांचं नाव सांगून होईपर्यंत जाहिरात लागली. असे आठ महिने गेले.

आठव्या महिन्यात चर्चमधल्या एका बाईंच्या ओळखीने माआमे सेरवांचा निरोप आला. माकोला बाजारात टोमॅटोवाल्या बायांची जी संघटना आहे तिच्या त्या राणी. राणी म्हणजे मुकुटबिकुट काही नाही. खोक्यांच्या मधोमध एक बुटकं स्टूल आणि त्यावर माआमे. पण त्यांनी मान हलवल्याशिवाय एक टोमॅटो इकडचा तिकडे होत नाही. नवरोंगोहून येणाऱ्या त्यांच्या तीन लॉऱ्या वाटेत उलटल्या होत्या आणि विम्याचे कागद तीनदा परत आले होते. कागदाची भाषा समजणारा माणूस त्यांना हवा होता. काम मोठं होतं, आणि झालं असतं तर सगळ्या बाजारात अमिसांचं नाव झालं असतं.

अमिसा नवा कोट घालून, लॅपटॉप काखेत मारून गेले. लॅपटॉप ठेवायला जागा नव्हती. तो टोमॅटोवर ठेवू लागताच चार बाया एकदम ओरडल्या.

“तुम्ही करता काय?” माआमेंनी विचारलं.

“माआमे, मी जोखीम आणि दावे या क्षेत्रात संस्थांना सर्वांगीण स्वरूपाचं—”

“म्हणजे कागद पास करून देता.”

“त्या प्रक्रियेत माझा सहभाग—”

“एकोणीस वर्षं काय करत होतात?”

“दावे तपासत होतो.”

“तपासत होतात म्हणजे परत पाठवत होतात.” आजूबाजूच्या बाया खुदुखुदु हसल्या. माआमे हसल्या नाहीत. “हे बघा, साहेब. एकोणीस वर्षं दार लावून घेणाऱ्या माणसाच्या हाती मी किल्ली का द्यावी? तुमच्यामुळे ज्याला त्याचं मिळालं, असा एक माणूस मला आणून दाखवा. एकच. पुढच्या शनिवारच्या आत. नाहीतर केप कोस्टचा एक वकील केव्हाचा माझ्या मागे लागलाय.”

इतकी साधी मागणी. पण एकोणीस वर्षं कार्यालयात काढलेल्या माणसाच्या डोक्यात साधी गोष्ट साधी राहत नाही. अमिसांनी गाडीत बसेपर्यंत ठरवूनही टाकलं की बाईंना वरिष्ठांचं शिफारसपत्र हवंय. घरी येऊन त्यांनी ॲशिटे साहेबांना संदेश धाडला. साहेबांनी तो वाचल्याची निळी खूण उमटली आणि पुढे काही उमटलं नाही. दुसरा संदेश, तिसरा संदेश. निळ्या खुणा तेवढ्या वाढत गेल्या.

तेव्हा अमिसांना गुरू आठवला. साहेब उत्तर देत नाहीत, कारण आपण दिसत नाही. दिसलो की देतील. आणि अक्रात लोक मान वर करून कुठे बघतात? भिंतीवर, खांबावर, चौकातल्या फ्लेक्सवर. अमिसांनी ठरवलं: दान्सोमानच्या चौकात आठ फुटी फ्लेक्स लावायचा, शनिवारी चर्चच्या सभागृहात विम्याच्या हक्कांवर मोफत व्याख्यान ठेवायचं आणि भरलेलं सभागृह माआमेंना दाखवायचं. अराबाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

कोर्ले-बूच्या रस्त्यावर सेलोर्म नावाचा एक छपाईवाला बसतो. हात सफाईदार, माणूस सज्जन, आणि आठवड्याचे सहा दिवस फक्त मेलेल्यांचे फ्लेक्स छापतो. अमिसांनी त्याला आपला सगळ्यात देखणा फोटो दिला. काकांच्या अंत्यविधीनंतरच्या आभार-प्रार्थनेतला होता तो. खांद्यावरून घेतलेलं काळं-पांढरं वस्त्र, चष्मा काढलेला, नजर किंचित वर.

“पूर्ण नाव?” सेलोर्म टाइप करत होता.

अमिसांनी सांगितलं.

“बायको? मुलं?”

कुटुंब दाखवा, लोकांना तुमच्यातला माणूस दिसू दे, असं गुरूने चौथ्या धड्यात सांगितलं होतं. छपाईवाल्यालाही हे कळतं, याचं अमिसांना कौतुक वाटलं. त्यांनी बायकोचं आणि तिन्ही मुलांचं नाव हौसेने सांगितलं.

“चर्च कुठलं? दिवस, वेळ?”

“मेथडिस्ट. शनिवारी सकाळी दहा.”

“मागे ढग टाकतो, साहेब. ढगांचे पैसे नाही घेत मी कुणाकडून.”

व्याख्यानाचा विषय टाकायचा राहिला होता, पण मुलांच्या नावांनीच जागा भरली, म्हणून तो तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत गेला. सेलोर्मने नमुना फोनवर पाठवला. अमिसा तेव्हा गाडी चालवत होते, चष्मा कप्प्यात होता. आपला चेहरा तेवढा दिसला. तो त्यांना फारच आवडला आणि त्यांनी होकार कळवला.

सोमवारी फ्लेक्स लागला. डाव्या बाजूला ब्याण्णव वर्षांची एक आजी, उजव्या बाजूला फुटबॉलचा एक निवृत्त प्रशिक्षक, आणि मध्ये, ढगांत, एबेनेझर एबो अमिसा. तिघांत तेच ताजे दिसत होते.

आता तुम्हीच सांगा. आठ फुटी फोटो, काळं-पांढरं वस्त्र, खाली बायकामुलांची नावं, चर्च, शनिवारी सकाळी दहा. आमच्याकडे शनिवारी सकाळी दहाला अंत्यविधीशिवाय दुसरं काय असतं? तळाशी मुंगीएवढं काय लिहिलंय हे वाचायला गाडीतून कोण उतरतं?

मंगळवारी सकाळी अराबा शाळेत पोचली तर मुख्याध्यापिका तिला फाटकातच मिठी मारून रडायला लागली. अराबाला वाटलं आई गेली. कोण गेलं हे कळायला पाच मिनिटं लागली आणि कळल्यावर आणखी पाच मिनिटं ती भिंतीला धरून उभी राहिली. सकाळी तिने ज्याच्यासाठी लापशी करून ठेवली होती त्याच्या मृत्यूबद्दल वीस शिक्षक तिचं सांत्वन करत होते.

ती सुट्टी काढून घरी आली तोवर चर्चच्या महिला मंडळातल्या दहाबारा बाया दुखवट्याचे काळे-लाल कपडे घालून, घरच्यांना द्यायला पाण्याच्या बाटल्यांचे खोके घेऊन दारात गात उभ्या होत्या. काय गोंगाट आहे म्हणून अमिसांनी अर्ध्या चड्डीत दार उघडलं. एक बाई किंचाळली. दुसरीने जोरात प्रार्थना सुरू केली. तिसरीने खाली ठेवलेला पाण्याचा खोका परत उचलला.

बाया गेल्यावर अराबा कोचावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

“एबो, आठ महिने तू दिसायला धडपडत होतास. घे. दिसलास.”

“अराबा, ही हसायची वेळ नाही.”

“मग कधी हसू? तू मेल्यावर? तेही उरकलं की.” तिने डोळे पुसले. मग तिचा आवाज बदलला. “सकाळी पाच मिनिटं मला वाटलं माझी आई गेली. ती पाच मिनिटं मी तुला माफ करणार नाही. तो फ्लेक्स आत्ताच्या आत्ता उतरव.”

“उतरवतो,” अमिसा म्हणाले. त्यांचं लक्ष फोनकडे होतं. फोन थांबतच नव्हता. ज्यांनी आठ महिने साधी ओळख दिली नव्हती ते सगळे अराबाच्या नावाने त्यांच्याच फोनवर गहिवरून लिहीत होते. ‘फार मोठा माणूस गेला.’ ‘आमच्या क्षेत्राचं कधीही भरून न निघणारं नुकसान.’ आणि एका जुन्या सहकाऱ्याने कळवलं होतं की कंपनीने रिसेप्शनमध्ये शोकवही ठेवली आहे. लोक येऊन लिहून जात आहेत.

बुधवारी सकाळी जाऊन खुलासा करता आला असता. शहाण्या माणसाने केलाही असता. अमिसा बुधवारी घरी बसून संदेश वाचत राहिले. काही काही तर दोनदा वाचले. फ्लेक्सचं काय झालं असं अराबाने विचारल्यावर शिडीवाला सापडत नाही म्हणाले. अक्रात शिडीवाला सापडत नाही!

गुरुवारी मात्र कोट चढवून ते कंपनीत गेले. गेटवरचा पहारेकरी नवा होता, त्याने नाव न विचारता आत सोडलं. रिसेप्शनवरची मुलगीही नवी. समोर छोट्या टेबलावर पांढरं कापड, प्लॅस्टिकची फुलं, मेणबत्ती, तोच देखणा फोटो आणि शोकवही. त्यांना बघून मुलगी लगबगीने उठली.

“या सर. पेन इथे आहे. नातेवाईक का?”

अमिसांनी फोटोकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिनेही फोटोकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. काही घडलं नाही.

“जवळचाच,” ते म्हणाले.

“फार अचानक झालं म्हणे. बसा ना, सावकाश लिहा.”

अमिसा बसले. स्वतःच्या फोटोखाली बसून स्वतःची शोकवही वाचायचं भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं? शेहेचाळीस जणांनी लिहिलं होतं. ‘अत्यंत वक्तशीर.’ ‘टाय कधी वाकडा पाहिला नाही.’ ‘त्यांच्या टेबलावरून एकही चुकीचा कागद पुढे गेला नाही.’ मनुष्यबळ विभागाने त्यांना कुटुंबातला तारा म्हटलं होतं. याच विभागाने त्यांचं ओळखपत्र शेवटच्या दिवशी दुपारी तीनलाच काढून घेतलं होतं. आणि मग एक पूर्ण पान, ठसठशीत अक्षरात, खाली ॲशिटे साहेबांची सही. ‘माझ्या साऱ्या कारकिर्दीत इतका सचोटीचा आणि कामात इतका पारंगत माणूस मी पाहिला नाही. ज्याला त्यांचा सल्ला मिळाला तो भाग्यवान.’

अमिसांचे डोळे भरून आले. आठ महिने ज्याच्यासाठी ते तडफडत होते ते हेच, शब्दाला शब्द. शेवटच्या पानावर वेड्यावाकड्या चार ओळी आणि खाली अंगठ्याचा ठसा होता. ते पान त्यांनी भरल्या डोळ्यांनी न वाचताच उलटलं.

“अमिसा?”

ॲशिटे साहेब जिना उतरत होते. त्यांनी कठडा घट्ट धरला.

“अहो, तुम्ही तर—”

“नाही गेलो, साहेब.”

“पण तो फ्लेक्स—”

“व्याख्यानाचा होता.”

“व्याख्यानाचा? शनिवारी? ढगांत?”

“साहेब, ते राहू द्या. तुम्ही इथे जे लिहिलंत, तेच कंपनीच्या कागदावर द्या ना. दोन ओळी चालतील.”

साहेबांचा रंग हळूहळू परत आला आणि रंगाबरोबर साहेबही परत आले. “अमिसा, तुम्ही समजूतदार आहात. गेलेल्या माणसाबद्दल मी मोकळ्या मनाने लिहू शकतो. जिवंत माणसाबद्दल लिहायचं म्हणजे मुख्यालयाची परवानगी आली, कायदा विभाग आला. उद्या तुम्ही काही चुकलात तर आमची सही अडकते.”

“म्हणजे मी गेलो असतो तर—”

“तर काही अडचणच नव्हती.”

“सर,” रिसेप्शनवरच्या मुलीने हळूच विचारलं, “मग हे टेबल उचलू का?”

अमिसांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकोणीस वर्षांत साहेबांपुढे ते कधी मोठ्याने बोलले नव्हते. आजही बोलले नाहीत. त्यांनी फक्त वही मिटून काखेत घेतली.

“अहो, ती कंपनीची—”

“शोकवही कुटुंबाला द्यायची असते, साहेब. मी कुटुंबच आहे.”

याला चौदाव्या कलमातही उत्तर नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ते वही घेऊन माकोलाला गेले. त्यांना बघून माआमे सेरवांनी हातातला टोमॅटो खाली ठेवला.

“अरेच्चा! आणि मी उद्यासाठी काळं कापड काढून ठेवलंय.”

“माआमे, तुम्ही एक माणूस मागितलात. मी शेहेचाळीस आणलेत.”

माआमे सहावी शिकलेल्या. त्यांनी कमरेच्या कापडाला हात पुसले, वही मांडीवर घेतली आणि ओळीखाली बोट फिरवत वाचू लागल्या. बाजार थांबला. बाया खोक्यांवर बसून माआमेंच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“वेळेवर यायचे,” माआमे म्हणाल्या. पान उलटलं. “वेळेवर यायचे. वेळेवर तर माझी लॉरीपण निघते, साहेब. पोचत नाही.” पुढचं पान. “टाय. हं.” ॲशिटे साहेबांच्या पानावर बोट थांबलं. “हा कोण?”

“आमचे सगळ्यात मोठे साहेब.” अमिसा नकळत ताठ झाले.

“हे यांनी तुम्हाला जिवंतपणी कधी म्हटलं होतं?”

“तसं प्रत्यक्ष... नाही.”

माआमेंनी ते पान बाजूच्या टोमॅटोवालीकडे बघत उलटलं. ती तोंडावर हात ठेवून हसली. मग शेवटचं पान आलं. माआमेंचं बोट पुन्हा पहिल्या ओळीवर गेलं आणि या वेळी त्यांनी मोठ्याने वाचलं.

“‘हे साहेब तीन शनिवार माझ्याजवळ गेटवर बसले. माझ्या बायकोच्या विम्याचे कागद होते. त्यांची सुट्टी होती. कागद पास झाले. तिची माती नीट झाली. अल्ला त्यांना चांगली जागा देवो.’” त्यांनी मान वर केली. “हा कोण?”

“तो होय? गेटवरचा वॉचमन होता आमचा. मागच्या वर्षी निवृत्त झाला. एक म्हातारा येऊन गेला असं रिसेप्शनवरची मुलगी म्हणत होती. तिनेच लिहून घेतलं असणार.”

“म्हणजे तुम्ही याला पास करून दिलंत.”

“हो, पण ते कामात धरत नाहीत, माआमे. ते खासगीत केलं होतं.”

“आठ महिने कार्डं वाटत फिरलात. हे कुणाला सांगितलंत?”

“नाही. ते सांगण्यासारखं...”

“मी याच माणसाला मागितलं होतं, साहेब. याचं नाव काय?”

अमिसांनी वहीकडे बघितलं. तिथे नुसता निळा अंगठा होता.

“आम्ही त्याला चीफ म्हणायचो.”

“नाव विचारलं मी.”

अमिसा आठवू लागले. त्यांना पॉलिसीचा नंबर आठवला, नऊच्या नऊ आकडे. दावा कुठल्या कलमात बसवला तेही आठवलं. बायकोच्या मृत्यूची तारीख आठवली. नावाच्या रकान्यात आपल्याच हाताने काहीतरी लिहिलं होतं, ते काही केल्या आठवेना.

“कागद तुम्हीच भरलेत ना त्याचे?”

“हो.”

“आणि एकोणीस वर्षं रोज त्याच गेटमधून आत गेलात.”

“हो, माआमे.”

माआमेंनी वही मिटली. रागावल्या नव्हत्या, रागावल्या असत्या तर अमिसांना बरं वाटलं असतं. “स्वतःचं तोंड आठ फूट करून चौकात टांगलंत, कुणीतरी आपल्याला ओळखावं म्हणून. जा. याचं नाव घेऊन या, आणि यालाही. उद्या दुपारपर्यंत मी वकिलाला हो म्हणत नाही.”

अमिसांना आपली लाज वाटली. आठ महिन्यांत खूपदा वाटायला हवी होती, ती एकदम आज वाटली.

ते सरळ कंपनीत गेले. मनुष्यबळ विभागाने खिडकीतूनच सांगितलं की निवृत्तांच्या फायली नंबरावर लावलेल्या आहेत; नंबर सांगा, नाव देऊ. नव्या पहारेकऱ्याला जुन्याची काहीच माहिती नव्हती. आत जाऊन शिपाई, लिफ्टवाला, हिशेबनीस, जो भेटेल त्याला विचारलं. चीफ सगळ्यांना आठवत होता. नाव कुणालाही नाही.

गेटसमोर रस्त्यापलीकडे एक बाई, हजला जाऊन आलेली म्हणून सगळे तिला नुसतं हजिया म्हणतात, वाक्येचं भांडं घेऊन बसते. चवळी घातलेला भात, पानात बांधून. अमिसांनी एकोणीस वर्षं तिच्याकडून घेतला असेल, पण गाडीच्या काचेतून हात बाहेर काढून. आज ते चालत गेले. भांडं तळाला आलं होतं.

हजियाने वर बघितलं आणि तिच्या हातातला डाव हवेतच राहिला.

“अल्ला! शिटो-साहेब! तुम्ही चौकात लटकताय ना?”

“ते चुकून झालं, हजिया.”

“मी सगळ्यांना सांगितलं, गेला बिचारा. शिटोची काळी चटणी दोनदा मागायचा, अंडं अर्धं घ्यायचा, मासा बघितला की नाक मुरडायचा. माणूस वाईट नव्हता म्हटलं.”

शेहेचाळीस जणांनी मिळून लिहिलं नव्हतं इतकं खरं तिने एका दमात सांगितलं. 

“हजिया, या गेटवर एक म्हातारा वॉचमन होता—”

“सुमाइला? सुमाइला बुकारी. परवा आला होता तुमच्यासाठी अंगठा द्यायला. इथे माझ्याजवळ बसून रडला. पाणी दिलं मी त्याला. निमाला राहतो, मशिदीमागे, निळं दार. गाडी घेऊन जाऊ नका, गल्लीत शिरत नाही. समोरून ट्रोट्रो मिळेल.”

अमिसांनी खिशातून एक कार्ड काढलं आणि सोनेरी अक्षरांच्या मागच्या कोऱ्या बाजूला, सावकाश, लिहिलं: सुमाइला बुकारी. पुन्हा एकदा वाचून बघितलं. ट्रोट्रो आली, कंडक्टर निमा निमा ओरडू लागला. अमिसा चार पावलं गेले आणि परत फिरले.

“हजिया, तुमचं नाव काय?”

हजिया भांड्याच्या तळाचा भात पानात काढत होती. ती थांबली. त्यांच्याकडे नीट बघितलं, कोटापासून बुटापर्यंत.

“मेमुनातू,” ती म्हणाली. मग पानावर चटणी घातली, न मागता दुसऱ्यांदा घातली, आणि पुडी बांधून त्यांच्या हातात दिली. “एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत, शिटो-साहेब. मरून आलात ते बरं झालं.”